पुण्याच्या कॉलेजात देशातली सगळ्यात मोठी दुर्बीण होती, ती आणणाऱ्या कावसजी नायगमवालांना आपण विसरून गेलो

आमच्या लातूर-नांदेडकडं मृग म्हटलं की लोक आभाळाकडं बघतात, पण ते ढगांसाठी. जूनच्या ७-८ तारखेला मृग निघाला की पाऊस कधी येणार, पेरणी कधी करायची, सोयाबीनचं बियाणं आणलं का, एवढीच चर्चा असते. मृग नावाची खरीखुरी चांदण्यांची आकृती आहे हे आपल्याला ऐकून माहीत असतं, पण जूनमध्ये ती दिसत नाही. कारण मृग निघतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो, आणि सूर्याच्या उजेडात शेजारच्या चांदण्या कुठून दिसणार?

ती बघायची असेल तर जानेवारीत जेवण झालं की गच्चीवर जायचं. चार कोपऱ्यांत चार ठळक तारे आणि मधोमध एका रेषेत तीन. हे तीन तारे म्हणजे व्याधानं मारलेला बाण, अशी आपल्याकडची गोष्ट. या बाणाच्या खाली अजून एक छोटी, फिकट ओळ दिसते. त्या ओळीतला मधला ठिपका जरा पुसल्यासारखा, धुरकट वाटतो.

तो तारा नाही. तिथं तारे जन्माला येतात.

आपल्यापासून साधारण १,३५० प्रकाशवर्षं लांब असलेला हा वायूचा आणि धुळीचा ढग, म्हणजेच मृगातला तेजोमेघ. आज जगभरातले शास्त्रज्ञ या ढगात कोणता तारा नवा, कोणता वजनदार, कोणता अजून धुळीच्या पडद्याआड वाढतोय याची यादी करत असतात. पण या ढगाचा प्रकाश चिरून त्यात काय आहे हे बघणारा एक माणूस १३० वर्षांपूर्वी आपल्या पुण्यात बसला होता. आणि त्यानं जे बघितलं ते त्या काळातल्या एका फार मोठ्या शास्त्रज्ञाच्या म्हणण्याच्या उलटं निघालं होतं.

त्या माणसाचं नाव कावसजी दादाभाई नायगमवाला.

नायगमवालांचा जन्म १८५७ सालचा. म्हणजे उत्तरेत उठाव पेटला होता आणि मुंबईत विद्यापीठ सुरू होत होतं, त्या वर्षातला. घर पारशी. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. १८७८ मध्ये ते भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन एमए झाले, कुलपतींचं सुवर्णपदक मिळवलं. चार वर्षांनी, १८८२ मध्ये, त्याच कॉलेजात प्रायोगिक भौतिकशास्त्र शिकवायला लागले.

त्याच वर्षी एक गोष्ट घडली. काठियावाडातल्या भावनगर संस्थानचे महाराजा तख्तसिंहजी एल्फिन्स्टन कॉलेज बघायला आले. त्यांनी कॉलेजला ५ हजार रुपये देऊ केले आणि मुंबई सरकारनं तेवढीच भर घातली. ठरलं असं की या पैशातून प्रकाशाचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा काढायची. नायगमवाला तेव्हा पंचविशीत होते.

१८८४ मध्ये सामान खरेदी करायला ते इंग्लंडला गेले. तिथं मोठमोठ्या खगोलशास्त्रज्ञांच्या गाठीभेटी झाल्या. ग्रीनिचच्या वेधशाळेचे प्रमुख ख्रिस्ती आणि नॉर्मन लॉकियर ही त्यातली दोन वजनदार नावं. या मंडळींनी सुचवलं की नुसती प्रयोगशाळा काय काढताय, ताऱ्यांचा प्रकाश तपासणारी वेधशाळाच काढा. नायगमवालांना ते पटलं.

पण मुंबईत वेधशाळा चालणार कशी? दमट हवा, समुद्रावरचं धुकं आणि शहराचा धूर. मग गाडी पुण्याकडं वळली. १८८५ मध्ये नायगमवालांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. हे कॉलेज म्हणजे आजचं सीओईपी. लातूर-नांदेडच्या पोरांचं बारावीनंतर जिथं नंबर लागायचं स्वप्न असतं, तेच. त्याच्या आवारात १८८८ पर्यंत वेधशाळा उभी राहिली आणि तिला देणगीदाराचं नाव मिळालं, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा.

तिथं जी मुख्य दुर्बीण आली ती आयर्लंडमधल्या डब्लिनच्या ग्रब या नामांकित कारखान्याची होती. आरसा २० इंचांचा, म्हणजे साधारण ५० सेंटीमीटर रुंद, काचेवर चांदीचा मुलामा दिलेला. आजच्या मानानं हे काहीच नाही, हौशी लोकांकडंही एवढ्या दुर्बिणी असतात. पण तेव्हा भारतात तिच्या तोडीची दुसरी दुर्बीण नव्हती आणि पुढची कित्येक दशकं ती देशातली सगळ्यात मोठी दुर्बीण राहिली.

आता प्रश्न पडतो की पुण्यातून असं काय दिसणार होतं जे लंडनमधून दिसत नव्हतं?

उत्तर भूगोलाच्या पुस्तकात आहे. लंडन फार उत्तरेला आहे. तिथून मृगातला तेजोमेघ सगळ्यात वर आला तरी क्षितिजापासून साधारण ३३ अंशच चढतो. म्हणजे त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून तिरका येतो आणि वाटेत बराच गाळला जातो. पुण्यातून तोच ढग साधारण ६६ अंशांवर, जवळपास डोक्यावर येतो. वर हिवाळ्यातलं कोरडं, निरभ्र आभाळ. (लातूर आणि पुणे जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, त्यामुळं लातूरच्या गच्चीवरूनही मृग तेवढाच वर दिसतो.) नायगमवालांच्या हातात यंत्र चांगलं होतं आणि डोक्यावर आभाळही चांगलं होतं.

बघायचं काय, तर एक हिरवी रेघ.

त्याचं झालं असं की १९ व्या शतकाच्या मध्याला शास्त्रज्ञांना एक जबरदस्त युक्ती सापडली होती. प्रकाश त्रिकोणी काचेतून, म्हणजे लोलकातून काढला की त्याचे रंग वेगळे होतात. तापलेला वायू असेल तर सगळे रंग येत नाहीत, ठरावीक जागी चमकदार रेघा येतात. सोडियमच्या रेघा वेगळ्या, हायड्रोजनच्या वेगळ्या, मॅग्नेशियमच्या वेगळ्या. माणसाच्या बोटाच्या ठशासारखं. आधार कार्डाला अंगठा लावला की माणूस कोण ते कळतं, तसं रेघ बघितली की पदार्थ कोणता ते कळतं. लाखो कोटी किलोमीटर लांबच्या वस्तूला हात न लावता तिच्यात काय भरलंय ते सांगता येऊ लागलं.

१८६४ मध्ये विल्यम हगिन्स या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं पहिल्यांदा एका तेजोमेघाचा प्रकाश असा चिरून बघितला. त्यात एक ठळक हिरवी रेघ दिसली आणि ती पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी नीट जुळेना. पुढं मृगातल्या तेजोमेघातही तीच रेघ मिळाली. काही जण म्हणू लागले की हा पृथ्वीवर नसलेला नवा पदार्थ असणार. त्याला नेबुलियम असं नावही पडलं.

इथं लॉकियर मध्ये आला. लॉकियर म्हणजे साधी असामी नव्हती. सूर्यप्रकाशातल्या पिवळ्या रेघेवरून हेलियमचं नाव ठेवणारा तो, आणि आजही जगात ज्याचा दबदबा आहे ते 'नेचर' नियतकालिक १८६९ मध्ये सुरू करून ते चालवणाराही तोच. त्याचा एक सिद्धांत होता. त्याचं म्हणणं, आकाशातलं बहुतेक सगळं उल्कांच्या थव्यांपासून बनलंय. दगड एकमेकांवर आपटतात, तापतात आणि तेजोमेघ उजळतो. ही हिरवी रेघ म्हणजे काही नवा पदार्थ नाही, उल्कांमधल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची ती कड आहे.

हगिन्सला हे अजिबात मान्य नव्हतं. दोघांत चांगलीच जुंपली.

वाद सोडवायचा एक साधा मार्ग होता. मॅग्नेशियमचा तो पट्टा एका बाजूला ठळक असतो आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू फिकट होत जातो. साडीच्या काठाचा रंग एका बाजूला उतरत जावा, तसा. म्हणजे लॉकियर बरोबर असेल तर तेजोमेघातली रेघही एका बाजूला पसरलेली दिसायला पाहिजे. ती दोन्ही बाजूंनी कापल्यासारखी बारीक असेल, तर ते मॅग्नेशियम नाही. पण हा फरक कळायचा तर रंग खूप फाकवावे लागतात. आणि रंग जितके फाकवाल तितका प्रकाश विरळ होतो. म्हणून मोठी दुर्बीण, वर चढलेला मृग आणि अंधारात तासन् तास डोळा लावून बसण्याची तयारी, हे तिन्ही एका ठिकाणी पाहिजे होतं.

पुण्यात ते होतं.

नायगमवालांनी मृगातल्या तेजोमेघाची रेघ तपासली. ती बारीक निघाली, दोन्ही बाजूंनी स्पष्ट निघाली, एका बाजूला पसरलेली काही सापडली नाही. १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात त्यांनी हे छापलं. अर्थ सरळ होता. हा मॅग्नेशियमचा पट्टा नाही.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. या वादाचा निकाल एकट्या पुण्यानं लावला असं नाही. अमेरिकेत लिक वेधशाळेत जेम्स कीलर हा शास्त्रज्ञ त्याच सुमारास हेच मोजत होता आणि त्याचीही मोजमापं लॉकियरच्या विरोधात गेली. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजसारखं 'एका भारतीयानं इंग्रजांना खोटं पाडलं' असं म्हणायची गरज नाही. जे झालं तेच पुरेसं मोठं आहे.

का मोठं, ते बघा. १८९१ सालात नायगमवाला ३४ वर्षांचे होते, इंग्रज सरकारच्या नोकरीत होते आणि वसाहतीतल्या एका कॉलेजचे प्राध्यापक होते. ज्याच्या सल्ल्यातून आपली वेधशाळा उभी राहिली, ज्याच्या हातात जगातलं वजनदार मासिक आहे, त्याच्या लाडक्या सिद्धांताला आपल्या यंत्रातून धक्का बसतोय. गप्प बसणं सोपं होतं. रेघ नीट दिसली नाही, हवा खराब होती, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. नायगमवालांनी जे दिसलं ते छापलं.

मग ती रेघ नेमकी कशाची होती? याचं उत्तर मिळायला अजून ३६ वर्षं लागली. त्याकडं येऊ. त्याआधी नायगमवालांच्या आयुष्यातला दुसरा मोठा दिवस.

२२ जानेवारी १८९८. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होतं आणि ग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून आत शिरून महाराष्ट्रातून तिरकी जाणार होती. जगभरातल्या शास्त्रज्ञांनी त्यासाठी भारत गाठला. लॉकियर स्वतः विजयदुर्ग किल्ल्यावर तळ ठोकून होता. इंग्लंडची आणखी एक तुकडी वर्ध्याजवळ पुलगावला होती.

इथं थोडं थांबू, कारण दर ऑगस्टमध्ये एक पोस्ट फिरते की हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. तर ते तसं नाही. हेलियमची गोष्ट १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाशी जोडलेली आहे. त्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन आंध्रातल्या गुंटूरला होता. लॉकियर तेव्हा भारतात आलाच नव्हता, त्यानं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून सूर्याचा वर्णपट बघितला. तो विजयदुर्गावर आला ते ३० वर्षांनी, आणि तोपर्यंत हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षं झाली होती. विजयदुर्गावर लॉकियर आला हे खरं, पण हेलियम तिथं सापडला हे खरं नाही.

नायगमवालांनी मात्र विजयदुर्ग निवडला नाही. त्यांनी आपला तळ टाकला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला. करमाळ्याजवळचं हे गाव. पुणे-सोलापूर रेल्वेनं गेलात तर जेऊर स्टेशन लागतं, लातूरहून पुण्याला रेल्वेनं जाणाऱ्यांनी खिडकीतून ते नाव वाचलेलं असेल. कोरडी हवा आणि सामान उतरवायला रेल्वे, या दोन्ही गोष्टी तिथं होत्या. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेच्या कॅम्पबेलनंही आपला तळ जेऊरलाच टाकला होता.

हा काळ कसा होता, तेही लक्षात घ्या. त्याआधी दुष्काळ होऊन गेला होता. पुण्यात प्लेग होता, १८९७ मध्ये तिथं रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. अशा दिवसांत पेट्याच्या पेट्या भरून नाजूक यंत्रं जेऊरच्या माळावर नेणं, ती उभी करणं, पुन्हा पुन्हा सराव करणं, हे सगळं जवळपास दोन मिनिटांच्या अंधारासाठी होतं. ग्रहण चुकलं तर परत तीच संधी मिळत नाही. नायगमवालांच्या तुकडीनं फोटो आणि वर्णपट घेतले. त्या सगळ्या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये पुण्याच्या वेधशाळेचं प्रकाशन म्हणून निघाला.

तोवर, १९०० पासून, नायगमवाला वेधशाळेचे पूर्णवेळ संचालक झाले होते. त्याआधी कॉलेजात शिकवणं आणि रात्री दुर्बीण, असं दोन्ही चाललेलं होतं.

१९१२ मध्ये ते निवृत्त झाले. आणि वेधशाळा बंद झाली.

कुठलं ग्रहण, कुठली युद्धं, कुठला भूकंप कारण नव्हतं. चालवणारा माणूस निवृत्त झाला, एवढंच. महाराजा १८९६ मध्येच वारले होते. नायगमवालांच्या जागी बसेल असा दुसरा माणूस तिथं तयार झालेला नव्हता आणि सरकारची सूर्याची वेधशाळा १८९९ पासून दक्षिणेत कोडईकनालला सुरू झालेली होती. त्यामुळं पुण्याचं सामान पेट्यांत भरून कोडईकनालला रवाना झालं. २० इंची दुर्बीणही गेली. तिथं तिला लोक भावनगर दुर्बीण म्हणू लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती लेहला नेली गेली, तिथलं आभाळ दुर्बिणींसाठी कसं आहे ते तपासायला. पुण्यात मात्र ती परत आली नाही.

आता त्या हिरव्या रेघेचं.

१९२० मध्ये मेघनाद साहा या तरुण बंगाली शास्त्रज्ञानं एक समीकरण मांडलं. तापमान वाढलं की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि त्यावरून ताऱ्याच्या प्रकाशातल्या रेघा बदलतात, असा त्याचा सारांश. त्याआधी अमेरिकेत हार्वर्डला ॲनी जंप कॅनन या बाईंनी लाखो ताऱ्यांचे वर्णपट बघून त्यांचे गट पाडले होते. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम असे ते गट. साहांच्या समीकरणामुळं कळलं की हे गट म्हणजे खरंतर तापमानाची उतरंड आहे. ओ सगळ्यात तप्त, एम सगळ्यात थंड. आपला सूर्य मधोमध, जी गटात.

आणि १९२७ मध्ये आयरा बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञानं नेबुलियमचा पडदा उघडला. ती हिरवी रेघ कुठल्या नव्या पदार्थाची नव्हतीच. ती आपल्या नेहमीच्या ऑक्सिजनची होती, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. हा अणू ती हिरवी रेघ सोडायला सरासरी अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घेतो. पृथ्वीवर तेवढ्या वेळात बाकीचे अणू त्याला लाखो धक्के मारतात, त्यामुळं ती रेघ निघतच नाही. तेजोमेघ इतका विरळ असतो की तिथं अणूला निवांत वेळ मिळतो. म्हणून ती रेघ प्रयोगशाळेत कुणाला सापडत नव्हती. नायगमवाला तेव्हा ७० वर्षांचे होते.

पण ऑक्सिजनचे दोन इलेक्ट्रॉन काढायचे तर कुणीतरी मोठा दणका द्यायला पाहिजे. साध्या ताऱ्याचं ते काम नाही. त्याला अतिनील किरणांचा मारा लागतो आणि तो मारा ओ गटातले तप्त, वजनदार तारे करतात.

मृगातल्या ढगाच्या पोटात चार ठळक ताऱ्यांचा एक घोळका आहे, छोट्या दुर्बिणीतूनही तो दिसतो. त्यातला सगळ्यात तेजस्वी तारा ओ गटातला आहे. त्याचं वजन तीसेक सूर्यांइतकं, पृष्ठभागाचं तापमान साधारण ३९,००० अंश. सूर्याचं आहे साधारण ५,५०० अंश. त्या एका ताऱ्यामुळं सगळा ढग उजळून निघालाय. नायगमवाला पुण्यातून जी रेघ बघत होते ती एका वजनदार, कोवळ्या ताऱ्याची सही होती.

हे पडताळून बघायचं असेल तर मृगातच सोय आहे. मोठ्या तेजोमेघाला लागूनच एक छोटा तेजोमेघ आहे, खगोलवाले त्याला एम ४३ म्हणतात. त्यालाही मध्यभागी एक तारा उजळवतो, पण तो बी गटातला, थोडा कमी तप्त. त्या ढगात हायड्रोजन चमकतो, पण ऑक्सिजनची ही हिरवी रेघ अगदीच क्षीण आहे. म्हणजे ढगाची रेघ बघितली की आत कुठल्या गटातला तारा बसलाय याचा अंदाज येतो.

वजनदार ताऱ्यांना एवढं महत्त्व का?

कारण ते उधळे असतात. सूर्याच्या आठ पटींहून जास्त वजन असलेला तारा आपलं इंधन भराभर जाळतो. सूर्याचं वय ४६० कोटी वर्षं आहे आणि अजून तेवढंच शिल्लक आहे. ओ गटातला तारा काही दशलक्ष वर्षांत संपतो. म्हणून असा तारा दिसला की समजायचं, तो नुकताच जन्मलाय आणि फार लांब गेलेला नाही. आजूबाजूला जन्मघर असणारच.

अडचण अशी की जन्मताना हे तारे धुळीत गाडलेले असतात. बियाणं जमिनीत फुगलंय पण कोंब वर आला नाही, तशी अवस्था. साध्या प्रकाशात काहीच दिसत नाही. मग शास्त्रज्ञ दोन गोष्टी बघतात. पहिली, अवरक्त किरण, म्हणजे धुळीची ऊब. १९६० च्या दशकात बेकलिन आणि न्यूगेबाउअर या दोघांना मृगाच्या ढगामागं असाच एक तारा सापडला, जो साध्या दुर्बिणीत दिसतच नव्हता. दुसरी, रेडिओ लहरी. तारा पुरेसा तापला आणि आजूबाजूच्या वायूचे इलेक्ट्रॉन सुटे करायला लागला की तो वायू रेडिओ लहरी सोडतो. ऊब भरपूर पण रेडिओ नाही के बरोबर, तर तारा अजून वाढतोय. ऊबही आहे आणि रेडिओही जोरात, तर ताऱ्यानं आपला ढग पेटवायला घेतलाय. अशी वर्गवारी लागते.

या रेडिओ लहरी ऐकणारी जगातली एक मोठी दुर्बीण कुठं आहे माहितीये? पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला. जीएमआरटी नावाच्या या दुर्बिणीच्या ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्या तिथल्या शेतांमध्ये पसरल्यात. नायगमवालांच्या वेधशाळेशी तिचं थेट नातं काही नाही, मध्ये अनेक दशकांची पोकळी आहे.

ती पोकळीच खरी बोचते. आणि ती टाळता आली असती का, याचं उत्तर आपल्या मराठवाड्याच्या इतिहासात आहे.

त्या काळात लातूर, नांदेड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १९०१ मध्ये हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी स्वतःच्या पैशानं वेधशाळा काढली. त्यांनीही त्याच ग्रब कारखान्याची दुर्बीण मागवली, १५ इंचांची, पुण्याच्या दुर्बिणीपेक्षा लहान. १९०७ मध्ये नवाब वारले. म्हणजे पुण्यासारखीच वेळ आली. पण इथं वेगळं घडलं. १९०८ मध्ये निजाम सरकारनं वेधशाळा ताब्यात घेतली, १९१९ मध्ये ती उस्मानिया विद्यापीठाकडं गेली. जगभरच्या वेधशाळांनी मिळून आभाळाचा नकाशा करायचा प्रकल्प घेतला होता, त्यात हैदराबादनं लाखो ताऱ्यांच्या जागा मोजून दिल्या. पुढं तिथल्याच लोकांनी ४८ इंची दुर्बीण उभारली, ती १९६८ मध्ये सुरू झाली. पुण्याच्या जुन्या २० इंची दुर्बिणीचा देशातला मोठेपणा मोडला तो तिनं.

लहान दुर्बिणीच्या वेधशाळेमागं संस्था उभी राहिली, तिथं एकानंतर दुसरा माणूस येत गेला. मोठ्या दुर्बिणीच्या वेधशाळेमागं एक माणूस होता, तो गेला आणि कुलूप लागलं.

नायगमवाला १९३८ मध्ये वारले. निवृत्तीनंतर २६ वर्षांनी.

हे आज सांगायचं कारण आपल्या शेजारीच आहे. नांदेडपासून जवळ, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला लायगो-इंडिया उभं राहतंय. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी साधारण २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथं जे यंत्र बसेल ते कृष्णविवरांच्या टकरीतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणार आहे. आणि ही कृष्णविवरं बहुतेक करून येतात कुठून? मृगात जन्मणाऱ्या ताऱ्यांसारखे वजनदार तारे मेले की. म्हणजे या ताऱ्यांच्या जन्माची खूण पुण्यातून बघितली गेली आणि त्यांच्या मरणानंतरची गोष्ट मराठवाड्यातून ऐकली जाईल.

यंत्र येईल, इमारत होईल. पण ते पुढची ५० वर्षं कोण चालवणार? बाहेरून आलेले चार शास्त्रज्ञ की लातूर, नांदेड, परभणी, हिंगोलीच्या कॉलेजांतून तयार झालेली पोरं? लातूर पॅटर्ननं डॉक्टर आणि इंजिनिअर भरपूर दिले. त्यातल्या काहींनी औंढ्याचा रस्ता धरला, तर आपल्याकडं १९१२ सालची गत होणार नाही.

तोवर एक काम करा. येत्या जानेवारीत रात्री नऊच्या सुमाराला गच्चीवर जा आणि दक्षिणेकडं तोंड करून मान वर करा. बाणाच्या तीन ताऱ्यांखालचा धुरकट ठिपका शोधा. साधी द्विनेत्री असेल तर ढग स्पष्ट दिसेल. नायगमवाला पुण्यात बसून तोच बघत होते.